पडद्याच्या कडेखालचा नातू

कोचाबांबा, मंगळवार

आदरणीय विहीणबाई, डोन्या निएवेस यांना,

लिओकादियाचा मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे, व्याही डॉन एवारिस्तो यांची कंबर आणि मागच्या अंगणातले द्राक्षवेल, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. माझं म्हणाल तर रक्तदाब डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते वयाला शोभेल इतका आहे. फोन न करता पत्र का लिहिते, असं तुम्ही विचाराल. अहो, फोनवर आपण दोघी एकदम बोलतो, मग दोघी एकदम गप्प बसतो, आणि शेवटी 'बरं तर मग' म्हणून ठेवून देतो. पत्रात निदान तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. (रागावू नका. मलाही तुमच्या पत्रात बोलता येत नाही, आणि त्याचा मला किती त्रास होतो हे तुम्हाला ठाऊक नाही.)

तुम्ही पाठवलेली तुमच्या द्राक्षांच्या दारूची, सिंगानीची बाटली पोचली. तिचं पुढे काय झालं ते ओघात येईलच. आधी मी तुम्हाला आमच्या संगणकाची हकिगत सांगणार आहे. ती लांब आहे. तेव्हा चहा टाकून बसा.

माझ्याकडे कुठला संगणक आहे ते तुम्ही लग्नाच्या वेळी पाहिलंच आहे. आमच्या ह्यांचा, स्वर्गवासी आर्सेनियोचा. दुकानाचा हिशेब करायला त्यांनी तो घेतला, आणि दुकान बंद झाल्यावर त्यावर पत्ते खेळत बसायचे. मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं आहे, पडद्याला वेगळं आणि डब्याला वेगळं. योवाना इटलीला, बेर्गामोला निघाली तेव्हा विमानतळावर सगळे रडत होते आणि ही बया मला सांगत होती, "आई, ते भंगार काढून टाक आणि नवीन घे, नाहीतर आपलं बोलणं व्हायचं नाही." मी म्हटलं, तुझ्या बाबांची वस्तू माझ्या डोळ्यांदेखत घराबाहेर जाणार नाही, आणि त्यावर सगळं उत्तम दिसतं. असं चारचौघांत म्हटलेलं वाक्य किती महागात पडतं, ते माणसाला विमान उडाल्यावर कळतं.

कारण विहीणबाई, त्यावर सगळं दिसत नाही. म्हणजे जे दिसतं ते भलतंच मोठं दिसतं आणि बाकीचं पडद्याच्या कडेखाली राहतं. आपल्या मुलांशी बोलायची ती जी खिडकी उघडते ना, तिचा वरचा भाग माझ्या पडद्यावर मावतो आणि खालचा मावत नाही. आता योवाना कॅमेऱ्यासमोर बसते. बाळ कुठे असतं? मांडीवर. मांडी कुठे असते? खाली. म्हणजे गेले कित्येक रविवार मी माझ्या लेकीची हनुवटी आणि तिच्या मागचा पडदा (खिडकीचा, पिवळा, धुवायला झालेला) बघते आहे, आणि नातू म्हणाल तर त्याने उडी मारली की केसांचा एक झुबका वर येतो आणि पुन्हा बुडतो.

पहिल्याच रविवारी योवानाने विचारलं, "दिसतोय ना गं?" आता मी काय म्हणणार? विमानतळ आठवला. मी म्हटलं, "वा! अगदी स्पष्ट. डोळे तुझ्या बाबांचे घेतलेत." आणि एकदा डोळे दिसले म्हटल्यावर नाक दिसलं नाही असं कसं म्हणता येईल? तशात तुमचं पत्र आलं, की लूकाने तुमच्या अरामायो घराण्याचं नाक घेतलं आहे. (तुमच्या नणंदेच्या घरच्या नव्या संगणकावर तुम्ही त्याला नखशिखांत बघता, हे तुम्ही त्या पत्रात तीनदा लिहिलं होतं.) मी उलट टपाली कळवलं, की छे हो, नाक आमचं, शुद्ध तेर्रासास आहे, मी चांगलं निरखून पाहिलं आहे. ते नाक मी बापजन्मात पाहिलेलं नव्हतं. नावावरून आपलं भांडण झालं, त्यात मुलांनी दोघींनी सुचवलेली नावं टाकून देऊन शेजारच्या इटालियन भाजीवाल्याचं नाव ठेवलं. म्हटलं, निदान नाकाच्या बाबतीत तरी मागे हटायचं नाही.

युक्त्या मी पुष्कळ केल्या. "उभं कर बघू त्याला, उंच झालाय का बघते," म्हटलं. योवानाने उभं केलं, बाळ कपाळापर्यंत वर आलं, आणि नेमकी तेव्हाच त्याने शी केली, म्हणून खाली गेलं. विल्मेरने (जावई माझा गुणी आहे, हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून लिहिते) एक फोटो पाठवला. तो एवढा मोठा उघडतो, की एका वेळी एक कान दिसतो. सरकवला की दुपट्याची नक्षी येते, आणखी सरकवला की दुसरा कान. दोन कानांच्या मध्ये काय आहे ते मी मनातल्या मनात जोडून बघायचे आणि दर वेळी वेगळंच मूल तयार व्हायचं. कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन का नाही बघितलं, असं तुम्ही विचाराल. तो कॅफे आमच्या गल्लीतल्या डोन्या एदुविखेसच्या जावयाचा आहे. तिथे बसलं की अख्खी गल्ली खांद्यावरून वाचते. मी तिथे पाऊल टाकलं असतं, तर आर्सेनियोचा संगणक कामातून गेला ही बातमी माझ्याआधी घरी पोचली असती.

आणि मग योवानाने सांगितलं, की येत्या रविवारी बाप्तिस्मा. मी विणून पाठवलेलं पांढरं झबलं आणि टोपडं घालणार, चर्चमधून आले की थेट कॅमेऱ्यासमोर बसणार. ते झबलं विणताना माझे डोळे गेले, विहीणबाई. त्याच्या गळ्याला काढलेली वेल मी तीनदा उसवली होती. ते त्याच्या अंगावर आहे आणि मी पुन्हा पिवळा पडदाच बघते आहे, हे काही मला सोसेना. म्हणून मी इंजिनिअर सेव्हेरोंना बोलावलं.

हे सेव्हेरो कांचा बाजारात, टेपरेकॉर्डरच्या ओळीत, संगणक दुरुस्त करतात. ते इंजिनिअर आहेत का, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे टाय लावला की डॉक्टर आणि स्क्रू ड्रायव्हर धरला की इंजिनिअर, आणि उगीच कोणाचा अपमान कशाला करायचा. त्यांनी क्रोशाचं झाकण उचललं, खुर्ची ओढली, शेंगदाण्याचं सूप प्यायले, आणखी एक वाडगा प्यायले आणि मग म्हणाले, "सेन्योरा, तुमचं रिझोल्यूशन कमी आहे." मी म्हटलं, इंजिनिअर, माझं सगळंच कमी झालं आहे, तुम्ही मशीनचं सांगा. तेव्हा त्यांनी समजावलं: टेबल लहान आहे आणि ताटं मोठी आहेत, म्हणून काही ताटं टेबलाबाहेर लोंबतात. आता ताटं लहान करायची, म्हणजे त्याच टेबलावर सगळी मावतील. मला हे एकदम पटलं. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी आपण इतके रविवार वाया घालवले, म्हणून वाईटही वाटलं.

ताटं लहान करायला एक चौकट उघडावी लागते. ती त्यांनी उघडली. त्यात आकडे बदलायचे आणि 'ठीक' असं लिहिलेलं बटण दाबायचं. हे बटण चौकटीच्या तळाशी असतं. आणि चौकटीचा तळ, तुमच्या लक्षात आलंच असेल, पडद्याच्या कडेखाली होता. म्हणजे खाली बघता यावं म्हणून जे बटण दाबायचं, तेच खाली. आम्ही दोघं त्या चौकटीकडे बराच वेळ बघत बसलो. इंजिनिअरांनी वाकून पडद्याखाली पाहिलं. (हसू नका. मीही पाहिलं.) कोणत्या शहाण्याने हे केलं असेल कोण जाणे, पण लहानपणी त्याच्या आईने त्याला कोंडून बाहेरून कडी लावली असणार, त्याचाच हा सूड. शेवटी इंजिनिअरांनी बटण न बघताच कीबोर्डवरून अंदाजाने दाबलं आणि पडदा एकदम काळा झाला.

मी किंचाळले. आर्सेनियोचा संगणक गेला, असंच वाटलं. मग पडदा उजळला आणि एक प्रश्न आला, की हे असंच ठेवायचं का? मी चष्मा शोधला. चष्मा डोक्यावर होता. तो खाली येईपर्यंत प्रश्न निघून गेला होता आणि सगळं पहिल्यासारखं. इंजिनिअर म्हणाले, लवकर उत्तर दिलं नाही तर मशीन नाहीच समजतं. मी म्हटलं, ही कुठली रीत? मला आर्सेनियोने मागणी घातली तेव्हा मी पूर्ण एका कार्निव्हलभर विचार केला होता, आणि तो थांबला होता. पुन्हा केलं. ह्या वेळी चष्मा नाकावर होता, पण प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय मी हो म्हणत नाही, आणि प्रश्न लांब होता. तिसऱ्या वेळी इंजिनिअरांनी मला न विचारताच हो म्हटलं. मला ते आवडलं नाही, पण ताटं थोडी लहान झाली. थोडीच. बाळाच्या भुवया येतील इतपत. ह्याहून पुढे जायचं तर आत एक नवीन कार्ड घालावं लागेल, ह्या जुन्याच्या अंगात तेवढी ताकद नाही, असं त्यांनी सांगितलं. भुवयांवर मी समाधान मानलं नाही.

कार्ड आलं ते दुसऱ्याच कोणाच्या मोडलेल्या संगणकातलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्याच्याबरोबर एक सीडी, ती आत घातली की मशीनला कार्डाची ओळख पटते म्हणे. ती घातली तर आतून चारांगोच्या तारा वाजायला लागल्या. बाजारात कोणीतरी चुकीच्या पाकिटात घातली होती. (गाणी चांगली होती. इंजिनिअरांनी पूर्ण ऐकली आणि मगच बदलायला गेले.)

आता इथे तुमची बाटली येते. कार्ड बसवायचा दिवस नेमका महिन्याचा पहिला शुक्रवार होता. तुम्हीच सांगा, पहिला शुक्रवार, घरात धरणीमातेसाठी कोआ पेटलेला, सगळीकडे धूप, आणि नवीन वस्तू घरात आलेली. तिच्यावर घोटभर शिंपडून चाया केल्याशिवाय ती कोणी वापरायला घेईल का? गाडी आली तर चाकांवर बिअर ओततो, घर घेतलं तर उंबऱ्यावर, शिलाई मशीन आलं तेव्हा मी स्वतः त्याच्या चाकावर मक्याची चिचा शिंपडली होती आणि ते अजून चालतं आहे. धरणीमातेला, पाचामामाला, घोटभर दिल्याशिवाय वस्तू लाभत नाही. इंजिनिअरांनाही विचारलं. ते म्हणाले, "थोडं, सेन्योरा. चार कोपऱ्यांना." मी थोडंच शिंपडलं. पण डोन्या एदुविखेस धुपाचा वास घेत आलीच होती, आणि तिला थोडं हे माप ठाऊक नाही. तिने बाटली उपडी केली, वर मूठभर रंगीत कागदाची फुलं उधळली, कागदाची एक लांब पट्टी भोवती गुंडाळली आणि म्हणाली, "आता बघ, बर्फासारखं स्वच्छ दिसेल!" इंजिनिअरांनी कार्ड उचललं तेव्हा त्यातून तुमची सिंगानी टपटपत होती. सुगंध मात्र उत्तम होता, त्याबद्दल व्याह्यांना जरूर कळवा.

ते कार्ड आम्ही गच्चीवर वाळत घातलं, चारकीच्या खारवलेल्या मांसाशेजारी, दोरीवर, कपड्यांच्या चिमट्याने. मी दोन्हींवरून माशा वारत बसले. तुम्हाला खोटं वाटेल, पण रविवारी सकाळी ते बसवलं आणि चाललं! इंजिनिअर म्हणतात त्यांच्या हातामुळे, मी म्हणते पाचामामामुळे, आणि एदुविखेस गल्लीभर सांगते आहे तिच्यामुळे. पंख्यातून अजून अधूनमधून एखादं गुलाबी फूल बाहेर पडतं. एवढीच इंजिनिअरांनी एक शंका काढली होती, की हा जुना पडदा इतके ठिपके झेलेल का. मी म्हटलं, झेलेल, तो आर्सेनियोचा आहे.

मग बेर्गामोचा फोन आला. इंजिनिअरांनी आकडे शेवटपर्यंत ओढले, काळं झालं, उजळलं, मी ह्या वेळी प्रश्न यायच्या आतच हो म्हणून ओरडले, आणि विहीणबाई, खिडकी पुरी मावली. वरपासून खालपर्यंत. योवाना दिसली, तिचा गळा दिसला, तिचे हात दिसले, आणि हातांत पांढऱ्या झबल्यातला माझा लूका होता. मूठ तोंडात घालून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी रडले. उगाच रुमाल लावून, नाक शिंकरून लपवायचा प्रयत्नही केला नाही, सरळ रडले. डोळे कोणाचेच नाहीत, त्याचे स्वतःचे आहेत. नाक तुमचं आहे. हे मी एकदाच लिहिते आहे, आणि कोणी विचारलं तर नाही म्हणेन. पण त्याला शोभतं.

आणि तेव्हा मला खिडकीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक छोटासा चौकोन दिसला, इतके दिवस कडेखाली असलेला. त्यात आमची भिंत होती, बेकरीचं कॅलेंडर होतं, आणि तळाशी एक करडा गोळा हलत होता. मी इंजिनिअरांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, हे तिकडे जे दिसतं ते, सेन्योरा. तुमचा कॅमेरा वर बघतो आहे. तो गोळा म्हणजे माझा अंबाडा. म्हणजे इतके रविवार माझ्या लेकीने फक्त माझा अंबाडा बघितला आहे! आणि दर रविवारी म्हणायची, "आई, चेहऱ्यावर तेज आलंय हं तुझ्या." "आई, गाल भरलेत." एकदा तर म्हणाली, "रडू नकोस गं," तेव्हा मी हसत होते. लबाड मेली! माझीच लेक.

मी कॅमेरा खाली वळवायला हात पुढे केला, तेवढ्यात पडद्याने शीळ घातली. आधी बारीक, मग कुकरसारखी. चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका झालं आणि तोही विझला. जळका वास आला, सिंगानीचा नव्हे. पण आवाज चालू होता. योवाना म्हणत होती, "आता बघ हं आई, टोपडं काढते त्याचं." मी काळ्या काचेकडे बघत म्हटलं, "काढ... अगं बाई, डोकं थेट तुझ्या बाबांचं!" ती खदखदून हसली, "हो ना गं, अगदी!" मग म्हणाली, "आई, आज फार छान दिसते आहेस." मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. पिना काढल्या आणि अंबाडा नीट बांधला.

तर अशी हकिगत. सर्वांना नमस्कार, डॉन एवारिस्तोंना कंबरेवर ऊन शेक घ्यायला सांगा.

तुमची विहीण,
लिओकादिया

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. आपल्याकडे लग्नात केकला मद्रीना वेगळी, अंगठ्यांना वेगळी, बँडला वेगळी. ज्याने त्याने आपली वस्तू घेऊन द्यायची आणि मान मिळवायचा. संगणकाच्या पडद्याला मद्रीना असू नये, असं कुठल्याही पाद्र्याने सांगितलेलं माझ्या ऐकिवात नाही. मी खूप विचार केला आणि ह्या मानाला तुमच्याइतकी योग्य बाई मला दिसली नाही. तुमच्या पुतण्याच्या दुकानात चपटे पडदे आले आहेत, असं योवाना सहज म्हणाली. (मी विचारलं नव्हतं.) रिबीन मी लावीन. क्रोशाचं झाकण आजपासून विणायला घेते, फक्त माप कळवा.

ता.क. २ पडदा बसवाल्याच्या हाती पाठवू नका. बाळ दिसलं तेव्हा मी 'बघितलंत का!' म्हणायला शेजारी वळले, तर शेजारी इंजिनिअर सेव्हेरो होते आणि ते पडद्याच्या मागची वायर बघत होते. आर्सेनियो असते तर प्रश्न नव्हता. आता त्या पोराकडे बघून मला जे झालं, ते ज्याला कळेल असं माणूस ह्या देशात तुमच्याशिवाय दुसरं नाही, आणि ते तिकडे तारिखा गावात नणंदेच्या घरी बसून एकटंच बघतं. तेव्हा तुम्हीच या. मला फार बरं वाटेल. नाकाबद्दल जे काय बोलायचं ते समोर बसून बोला, मी ऐकून घेईन.

ता.क. ३ पडदा डिकीत टाकू देऊ नका, मांडीवर घेऊन बसा. खिडकीशेजारची जागा घ्या. आणि सिंगानी आणलीत, तर ती एदुविखेसला दिसणार नाही अशी आणा.